नेक्सॉन की ब्रेझा? रोज चालवायच्या गाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाटा नेक्सॉन आणि मारुती ब्रेझा या दोन गाड्यांपाशी येऊन अडकलेली कुटुंबे प्रत्येक सोसायटीत एकदोन तरी असतात. पुढची उत्तरे २०२३ मध्ये नवे रूप घेतलेली नेक्सॉन आणि २०२२ मध्ये आलेली ब्रेझा धरून दिली आहेत. गाडी रोज चालणार आहे, वर्षातून एकदा कोकणात जाण्यापुरती घ्यायची नाही, हेही गृहीत धरले आहे. ज्यांना सनरूफच्या आकारावरून निवड करायची आहे त्यांनी शोरूमचा ब्रोशर वाचावा. त्यात ते सगळे आहे.

दोन्ही गाड्या दिसायला सारख्याच उंच, लांबीही तेवढीच. मग फरक आहे तरी कुठे?

लांबी दोघींची ३९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. हा योगायोग नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरचे उत्पादन शुल्क कमी झाले आणि ‘छोटी’ म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची, अशी व्याख्या ठरली. तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्या त्या रेषेच्या आत मावतील अशाच आखल्या जातात.

खरा फरक बोनेटखाली आहे. नेक्सॉनमध्ये ११९९ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे, म्हणजे त्यात जास्तीची हवा दाबून भरली जाते: १२० पीएस ताकद, १७० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. ब्रेझात १४६२ सीसीचे चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले इंजिन: १०३ पीएस, १३७ न्यूटन-मीटर. कागदावर नेक्सॉन सरळ पुढे दिसते. रस्त्यावर हिशेब इतका सरळ नाही, त्याबद्दल पुढे सविस्तर.

ब्रेझा महाग का पडते? मारुती तर स्वस्त असते ना?

कारण तिचे इंजिन. लांबीच्या अटीत ब्रेझा बसते, पण पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वर असल्याने कराच्या दृष्टीने ती छोटी गाडी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी पेट्रोलवर उपकरासह २९ आणि डिझेलवर ३१ टक्के होता. नेक्सॉनला तो फायदा पुरेपूर मिळाला, डिझेललाही, कारण तिचे डिझेल इंजिन १४९७ सीसीचे आहे. ब्रेझावर मात्र आधी ४५ टक्के होता तो ४० झाला. कपात झाली, पण दोन गाड्यांच्या करात बावीस टक्क्यांची दरी उरली.

कपातीनंतर नेक्सॉनची सुरुवात साधारण सात लाख तीस हजारांच्या आसपास झाली आणि ब्रेझाची सव्वाआठ लाखांच्या आसपास, दोन्ही एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीच्या. म्हणून ‘एवढ्याच पैशांत नेक्सॉनमध्ये जास्त फीचर मिळतात’ असे विक्रेता सांगतो तेव्हा ते खोटे नसते. त्यातला मोठा वाटा सरकारी कराचा आहे, एवढे लक्षात असू द्या.

एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांत एवढी तफावत कशी?

महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांमध्ये १२ टक्के रोड टॅक्स लागतो. डिझेलला तोच १३ आणि १४. सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर थेट २० टक्के, त्यामुळे धंद्याच्या खात्यातून घेण्याचा विचार असेल तर आधी सीएला विचारा.

दहा लाखांचा उंबरठा फसवा आहे. समजा एक प्रकार ९ लाख ९० हजारांचा आहे आणि त्याच्या वरचा १० लाख १० हजारांचा. दिसायला फरक वीस हजारांचा. पण पहिल्याला रोड टॅक्स १,०८,९०० रुपये आणि दुसऱ्याला १,२१,२०० रुपये. शिवाय दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जातो, तो आणखी १०,१०० रुपये. म्हणजे वीस हजारांसाठी खिशातून बेचाळीस हजार जातात. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, बुडत नाही, पण गाडी घेण्याच्या दिवशी तो द्यावाच लागतो.

बाकी कोटेशनमध्ये हँडलिंग चार्ज, ॲक्सेसरीजचे पॅकेज, कोटिंग अशा ओळी असतील तर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा. विमा बाहेरून घ्यायची मोकळीक तुम्हाला आहे. बाहेरचे एक कोटेशन हातात असले की शोरूमचा आकडा आपोआप खाली येतो.

माझा रोजचा प्रवास म्हणजे हिंजवडी ते कोथरूड, नुसते ट्रॅफिक. कोणते इंजिन बरे?

मॅन्युअल घेणार असाल तर ब्रेझा. टर्बो इंजिनाची ताकद साधारण १७०० ते १८०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जागी होते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत फर्स्ट-सेकंडमध्ये सरकत असता तेव्हा इंजिन बहुतेक वेळ त्या खालीच असते. मग चालक नकळत हाफ क्लचवर गाडी खेळवतो, पाय भरून येतो आणि क्लच प्लेट झिजते. ब्रेझाचे मोठे, टर्बो नसलेले इंजिन खालच्या आरपीएमलाही कुरकुर न करता ओढते. सेकंडमध्ये स्पीडब्रेकर पार करून पुन्हा तिथूनच उचलते. चार सिलिंडर असल्याने थरथरही कमी.

हेच तुमचा रोजचा रस्ता नगर रोडवरून रांजणगावपर्यंतचा असेल, किंवा आठवड्यातून दोनदा खंबाटकी चढायचा असेल, तर उत्तर उलटे होते. घाटात ट्रकच्या मागून बाहेर पडताना नेक्सॉन थर्डमध्ये सहज निघते. ब्रेझाला गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावे लागते, कारण तिचा पूर्ण टॉर्क ४४०० आरपीएमला येतो. पाच माणसे, सामान आणि एसी चालू असताना हा फरक आणखी ठळक होतो. (रांजणगावचे नाव घेतलेच आहे म्हणून सांगतो, नेक्सॉन तिथेच तयार होते.)

शोरूममध्ये कोणी विचारत नाही तो प्रश्न स्वतःला विचारा: महिन्यातले किती किलोमीटर चाळीसच्या वेगाच्या खाली जातात? त्या एका उत्तरावर अर्धी निवड होऊन जाते.

ऑटोमॅटिक घ्यायची आहे. शोरूमवाला म्हणतो, सगळ्या ऑटोमॅटिक सारख्याच.

नाहीत. गाडीच्या नावापेक्षा मी या मुद्द्याला जास्त वजन देईन.

ब्रेझात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिनाची ताकद क्लचऐवजी तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणारी जुनी, सिद्ध झालेली पद्धत. गर्दीत ब्रेकवरून पाय काढला की गाडी हळूच सरकते, गिअर बदलल्याचे झटके जाणवत नाहीत. फार चपळ नाही, आणि जोरात पाय दाबला तर क्षणभर विचार करते.

नेक्सॉनमध्ये दोन पर्याय. एक एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे यंत्र करते. स्वस्त आणि ॲव्हरेजला चांगली, पण गिअर बदलताना डोके पुढे-मागे होते. दुसरा सात गिअरचा डीसीए, म्हणजे दोन क्लचचा. तो चालवायला झकास आणि महाग, आणि फक्त पेट्रोलमध्ये मिळतो.

माझे मत स्पष्ट आहे. शहरात ऑटोमॅटिक हवी असेल तर ब्रेझाची ऑटोमॅटिक किंवा नेक्सॉनची डीसीए. पैसे वाचवण्यासाठी एएमटी घ्यायचीच असेल तर ती घेऊन एकदा बेसमेंट पार्किंगच्या रॅम्पवर मधोमध थांबून बघा, आणि मागे कोणी नाही ना, हे आधी बघा. चढावर गाडी कशी वागते ते तिथेच कळते. ते चालणार असेल तर मग हरकत नाही.

डिझेल घ्यावे का?

ब्रेझात डिझेल नाहीच. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केले. नेक्सॉनचे दीड लिटरचे डिझेल ११५ पीएस आणि २६० न्यूटन-मीटरचे आहे, आणि हायवेवर त्याच्यासारखी मजा या दोन्ही गाड्यांच्या पेट्रोलमध्ये नाही.

पण बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला त्याला भरपूर उष्णता लागते, आणि ती लांब, सलग पळण्यातून मिळते. रोज मुलांना शाळेत सोडून भाजी घेऊन परत, एवढाच वापर असेल तर फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपची फेरी ठरलेली. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर आणि त्यातले बरेच हायवेचे असतील तरच डिझेल.

आणि सीएनजी?

सामानाचा प्रश्न असेल तर नेक्सॉन. तिच्यात एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या फरशीखाली आडव्या बसवल्या आहेत, त्यामुळे ३२१ लिटर जागा उरते. ब्रेझात एकच मोठी टाकी डिकीत आहे. दोन बॅगा ठेवल्या की संपले. सीएनजीवर ब्रेझाची ताकद ८८ पीएस आणि १२१.५ न्यूटन-मीटरवर येते. नेक्सॉन टर्बोमुळे १०० पीएस आणि १७० न्यूटन-मीटर राखते. घाटात हा फरक पायाला कळतो.

ब्रेझा सीएनजीचा अधिकृत आकडा किलोला २५.५१ किलोमीटरचा आहे. पंपावरची रांग मात्र त्या आकड्यात धरलेली नसते. घराजवळच्या पंपावर संध्याकाळी सात वाजता एकदा चक्कर मारून या, मग ठरवा. पंपावर दाब कमी असेल तर टाकी पूर्ण भरत नाही, हेही तिथल्या रिक्षावाल्यांना विचारलेत तर नेमके सांगतील. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचे प्रमाणपत्र सांभाळून ठेवा.

ॲव्हरेज कोणाचे जास्त?

ब्रेझाचे. अधिकृत आकडे तिच्या पेट्रोलसाठी प्रकारानुसार लिटरला १७.३८ ते १९.८९ किलोमीटर आहेत, नेक्सॉन पेट्रोलचे सतराच्या आसपास. अधिकृत आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवरचे असतात. शहरात दोन्ही गाड्या त्याच्या बऱ्याच खाली येतात, आणि टर्बो इंजिन चालकाच्या पायावर जास्त अवलंबून असते. जोरात दाबणारा पाय असेल तर नेक्सॉन पेट्रोल पिते.

पैशांत मांडू. महिन्याला १००० किलोमीटर चालवले, एका गाडीने शहरात १५ दिले आणि दुसरीने १२, असे धरले तर फरक सुमारे १७ लिटरचा. लिटर १०४ रुपयांना धरले तर महिन्याला १७०० रुपयांच्या आसपास. ३०० किलोमीटर चालवणाऱ्याला हाच फरक पाचशेच्या घरात. त्यासाठी गाडी बदलण्यात अर्थ नाही.

सुरक्षितता?

इथे नेक्सॉन पुढे आहे आणि ते आडवळणाने सांगण्याचे कारण नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवणारी भारतात बनलेली पहिली गाडी नेक्सॉनच, डिसेंबर २०१८ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला चार मिळाले होते. सुधारणा करून ती पुन्हा चाचणीला उतरवली गेली. नियम कडक झाल्यानंतर २०२४ मध्ये तिने ग्लोबल एनकॅप आणि आपल्याकडची भारत एनकॅप या दोन्ही चाचण्यांत पुन्हा पाच तारे मिळवले.

ब्रेझाचे चार तारे सांगितले जातात ते २०१८ मधल्या जुन्या व्हिटारा ब्रेझाचे, तेव्हाच्या नियमांनुसार. ते २०२२ च्या गाडीला चिकटवू नका, आणि चिकटवणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. नव्या गाडीत सहा एअरबॅग आता सर्व प्रकारांत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण एअरबॅग हे सांगाड्याचे काम करत नाहीत.

आणि तारे मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेल्या माणसासाठी नसतात. चाचणीतल्या बाहुल्यांनी बेल्ट लावलेला असतो.

मागे आईवडील बसणार. कोणती गाडी आरामाची?

ब्रेझा. ती १६८५ मिलिमीटर उंच आहे, नेक्सॉन १६२०. पासष्ट मिलिमीटर ऐकायला काही नाहीत, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून आत शिरावे लागते की सरळ बसता येते, हे त्यावर ठरते. साडी नेसणाऱ्या बाईला उंच सीटवर चढणे त्रासाचे होते, म्हणून दोन्ही गाड्यांत आईंना प्रत्यक्ष बसवून बघा. ब्रेझात खिडक्या मोठ्या, आत उजेड जास्त, त्यामुळे घाटात गाडी लागणाऱ्यांनाही ती बरी. खड्ड्यांवरून जाताना मात्र नेक्सॉनचे सस्पेन्शन जास्त शांत आहे. डिकी नेक्सॉनची ३८२ लिटर, ब्रेझाची ३२८.

पावसाळ्यात पाण्यातून कोणती सहज जाते?

नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, २०८ मिलिमीटर आहे, ब्रेझाचा त्याहून थोडा कमी. खडबडीत कच्च्या रस्त्यावर दोन्ही पुरतात. साचलेल्या पाण्यात मात्र हा प्रश्नच चुकीचा आहे. मुंबईत हिंदमाताला किंवा मिलन सबवेला पाणी चढले की हवा ओढणाऱ्या पाइपच्या तोंडापर्यंत पाणी आले का, एवढेच महत्त्वाचे ठरते. समोरून बस गेली की तिच्या लाटेनेच ते येते. पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. ढकलून बाहेर काढा, टोइंगला फोन करा. साध्या विम्यात असे बिघडलेले इंजिन बहुधा बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळे घ्यावे लागते. मुंबई, ठाणे, वसई-विरार, सांगली, कोल्हापूर इथे राहणाऱ्यांनी विम्यातला दुसरा कोणताही ॲड-ऑन टाळला तरी चालेल, हा टाळू नये.

आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे. बसेल का?

बुकिंगच्या आधी मोजा. सेडानसाठी बनवलेल्या बऱ्याच यांत्रिक पार्किंगमध्ये उंचीची मर्यादा १५५० मिलिमीटरच्या आसपास असते. तिथे दोन्हीपैकी एकही बसणार नाही. एसयूव्हीच्या कप्प्यात दोन्ही बसतात. पाटीवर लिहिलेली मर्यादा पाहा, वॉचमन ‘बसेल हो’ म्हणाला म्हणून पुढे जाऊ नका. रुंदीत नेक्सॉन १८०४ आणि ब्रेझा १७९०, तेही आरसे सोडून.

सर्व्हिस आणि रिसेल?

दोन्हीत मारुतीचे पारडे जड आहे. तालुक्याच्या गावी मारुतीचे वर्कशॉप असतेच, आणि नसले तरी तिचे काम जाणणारा मेकॅनिक असतो. नेक्सॉन घेणाऱ्यांनी आपल्या शहरातल्या दोन-तीन वर्कशॉपची चौकशी आधी करावी. एकाच शहरात एका वर्कशॉपचा आणि दुसऱ्याचा अनुभव अगदी वेगळा असतो. सर्व्हिसला आलेल्या चार मालकांशी शनिवारी सकाळी तिथल्याच बाकावर बसून बोला. दोन्ही कंपन्यांची मूळ वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर आहे.

नवी परवडत नाही. सेकंड हँड घेऊ का?

घ्या, पण एप्रिल २०२३ नंतरची मिळाली तर उत्तम. त्यानंतरच्या पेट्रोल गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला चालतील अशा बनवल्या आहेत, आणि आता पंपावर तेच मिळते. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि सील तपासून घ्या. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरतेच, नवी असो वा जुनी.

२०१६ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंतची व्हिटारा ब्रेझा म्हणजे १.३ लिटरचे डिझेल. इंजिन दणकट आहे. पण एवढ्या वर्षांत ती टॅक्सीत फिरली का, हे आरसीवर आणि सर्व्हिस रेकॉर्डवर बघा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही.

नेक्सॉन इलेक्ट्रिक का आठवत नाही तुम्हाला?

आठवते. स्वतःचे पार्किंग आणि तिथे मीटर असेल, रोजचा प्रवास साठ-सत्तर किलोमीटरच्या आत असेल, तर या पानावरची निम्मी चर्चा तुमच्यासाठी नाही. सोसायटी चार्जर बसवू देत नसेल तर मात्र आधी ते भांडण संपवा, मग शोरूमला जा.

टेस्ट ड्राइव्हला काय बघायचे?

शोरूमसमोरचा मोकळा रस्ता नाकारा. एसी लावा, घरचे सगळे बसवा, तुमच्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळेला न्या. सेकंड गिअरमध्ये अगदी हळू चालवून ॲक्सिलरेटर दाबा, गाडी अडखळते की उचलते ते बघा. एक यू-टर्न, एक रिव्हर्स पार्किंग, एक चढ. जो प्रकार घेणार आहात तोच मागा. टॉपचा डीसीए चालवून एएमटी बुक करणारे लोक नंतर नाराज होतात.

डिलिव्हरीच्या आधी काय तपासायचे?

पासिंग होण्याआधी गाडी प्रत्यक्ष बघायला मागा, हार-पेढ्यांच्या दिवशी नव्हे. चेसिस नंबर बिलाशी जुळवा. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारून खात्री करा, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, कारण मागच्या वर्षीची गाडी असेल तर विकताना किंमत त्या वर्षाची मिळते. टायरवरचे चार आकडे वाचा: ३२२५ म्हणजे २०२५ मधला ३२ वा आठवडा. स्टेपनीसकट पाचही टायरचे. उजेडात चारही दरवाज्यांच्या कडा आणि बोनेटचे बोल्ट बघा, रंग पुन्हा मारला असेल तर तिथे कळतो. काही खटकले तर दुसरी गाडी त्याच वेळी मागा. आरटीओत तुमचे नाव चढल्यावर शोरूम दुरुस्ती करून देते, गाडी बदलून देत नाही.